ये, जा, ये

गॅलरीतल्या बादलीत वाढलेलं रुबार्ब, जाड आंबट देठांसाठी लावतात ती भाजी. पानं सुपाएवढी, देठ मात्र काडीसारखे.

औषधांच्या दुकानात दुसरं कुणीही नव्हतं. तरी टोरूनच्या वडिलांनी, हाल्वरनी, यंत्रातून नंबराची चिठ्ठी फाडून घेतली आणि काउंटरवरची बाई नंबर पुकारेपर्यंत ते भिंतीला धरून उभे राहिले.

ये. जा. ये.

शेजारच्या एलोफने आणून दिलेले नवे बटाटे, शेपू घालून उकडलेले.

*

बटाट्यांपासून सुरुवात करू.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराबाहेरच्या टेकडीवर बागेचे तुकडे भाड्याने मिळतात. चार वाफे, एक लाकडी खोपटं, सफरचंदाचं झाड असलं तर नशीब. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात. ही रांग संगणक सांभाळतो, आणि ती कशी सांभाळायची हे टोरूनच्या कचेरीने लिहिलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी टोरून या कामातल्या चुका पकडण्याची नवी रीत शिकत होती. जुन्या रीतीत आपणच उदाहरणं रचायची: अमका आला, तमका आला, अमक्याला तुकडा मिळाला, छान. पण आपल्याला सुचतात तेवढीच उदाहरणं आपण रचतो. नव्या रीतीत उदाहरणं द्यायचीच नाहीत. कायम खरं काय असलं पाहिजे, एवढंच सांगायचं. टोरूनने लिहिलं, ‘रांगेत जो सगळ्यात पुढे आहे, पुढचा तुकडा त्याचाच.’ मग यंत्र वाटेल तशी माणसं रांगेत घालतं, काढतं, ढकलतं, आणि कुठे हे वाक्य खोटं पडतं ते शोधतं. सापडलं की त्या गोंधळातलं अनावश्यक ते सगळं तासून टाकतं आणि चुकीचा गाभा तेवढा हातात ठेवतं.

तिच्या हातात आलं ते इतकंच: ये. जा. ये.

एकच माणूस. आला, नाव काढून गेला, पुन्हा आला. दुसऱ्यांदा तो रांगेत दिसत होता, पुढेही सरकत होता. पण ‘गेला’ हा शिक्का त्याच्यावर तसाच होता. त्याची पाळी आली की रांग त्याला गुपचूप ओलांडून पुढे जायची.

रांगेचं मूळ काम तिच्या कचेरीतल्या सिक्स्टनचं. तो दालचिनीचा बन खात तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

‘‘अगं, असा माणूस तू पाहिलायस का कधी? रांग सोडून गेलेला आणि परत शेपटाला येऊन उभा राहिलेला? आपल्याकडे लोक जीव सोडतील, नंबर नाही सोडणार.’’

‘‘यंत्राला सापडला ना पण.’’

‘‘यंत्र काय, स्वीडनमध्ये वाढलंय?’’

खोलीतले सगळे हसले. टोरूनही हसली. वाद घालून कॉफीची चव कोण घालवणार? तिने यंत्राला एक ओळ वाढवून दिली: गेलेला परत येत नाही. पुन्हा चालवलं. सगळं हिरवं, म्हणजे चूक सापडली नाही; आतला शिक्का मात्र तसाच. सिक्स्टनने अर्धा बन तिच्यापुढे केला.

*

आईच्या आजारपणात हाल्वरनी बागेच्या रांगेतून नाव काढलं होतं. आई गेल्यावर टोरूननेच मागे लागून ते पुन्हा घालायला लावलं. ‘‘पप्पा, निदान वाट बघायला तरी काहीतरी असू दे.’’

ते वाट बघत राहिले. बादलीत रुबार्ब लावलं, पुढेमागे टेकडीवर न्यायला. एलोफला तुकडा मिळाला तेव्हा टोरून म्हणाली, ‘‘तो तर तुझ्यानंतर आला होता. विचार की त्यांना.’’

‘‘रांगेत उभं राहून ‘माझं काय झालं’ विचारायचं? शोभतं का? आधीचा असेल त्याचा नंबर.’’

एलोफने बटाटे आणले तोवर हाल्वरचे गुडघे गेले होते. एका ताटात ते बटाटे खाताना टोरूनला ती जुनी ‘ये, जा, ये’ आठवली. दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने ती वाढीव ओळ काढली आणि यंत्र चालवलं.

ये. जा. ये.

संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. सिक्स्टनचं नाव मात्र घेतलं नाही.

‘‘म्हणजे मी रांगेत होतो?’’

‘‘होतास, पप्पा. सगळ्यांत पुढे.’’

‘‘मला वाटायला लागलं होतं, फॉर्म भरताना माझंच काही चुकलं.’’

‘‘बागा वाटणाऱ्या संस्थेशी बोलले मी. आता जो तुकडा सुटेल तो तुझा.’’

‘‘आणि गुडघे कुणाचे टेकवायचे? तुझे? तुला गाजर आणि गवत यांतला फरक तरी कळतो का?’’

‘‘शिकेन.’’

‘‘नको. रांगेत मागे कुणीतरी असेल. त्याला दे.’’ त्यांनी बटाट्यांची रिकामी पिशवी घडी घालून तिच्या हातात दिली. ‘‘एलोफची आहे. परत करायची.’’

हाल्वरचं नाव रांगेतून काढण्याचा फॉर्म, आईच्या पलंगाशी बसून, टोरूननेच भरला होता. सिक्स्टन तिच्या खुर्चीमागे बन खात उभा राहिला त्याच्या आदल्या आठवड्यात.