ठोकेबाबाची थांबलेली नाडी

जुन्या गोदामात दोनशे माणसं छातीवर हात ठेवून डोलत होती. सुट्टीचा दिवस, भर दुपार, वर तापलेला पत्रा आणि घामाचा कोंदट वास. कुणी रडत होतं, कुणी उगाचच खिदळत होतं. समोर गादीवर पांढऱ्या अंगरख्यातला ठोकेबाबा.

"ऐका! आत कोण दार ठोठावतंय? तुमचा देव! जन्मभर झोपला होता, आज उठलाय!"

अर्ध्या तासापूर्वी त्यानं प्रत्येकाच्या जिभेवर मधात कालवलेलं चूर्ण ठेवलं होतं. चमचा एकच, दोनशे तोंडांतून फिरून आलेला. माझी पाळी आली. मी तोंड फिरवलं.

धाकट्या भावानं मला तिथं ओढून नेलं होतं. तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करतो. विडीलाही शिवत नाही म्हणून घरात त्याचं कोण कौतुक! दर सुट्टीला मात्र तो इथं हजर.

"नशा नाही गं ताई. मजा येते. अंगात दहा जणांचं बळ येतं."

मग मुख्य चमत्कार. "जो जागा झाला त्याला ठोके कशाला हवेत? हे बघा, थांबवले!" बाबानं डोळे मिटून मनगट पुढं केलं. पुढच्या रांगेतल्या एका औषधाच्या दुकानदारानं नाडी धरली आणि किंचाळला, "गेली! नाडी गेली!" पुढच्या रांगा धडाधड पालथ्या पडल्या.

मी अकरा वर्षं हॉस्पिटलात ईसीजी काढते. मीही मनगट धरलं. नाडी खरंच लागेना. पण बाबाच्या मानेची शीर टणाटण उडत होती. हृदय थांबलं, तर ती कुणाच्या जोरावर उडत होती?

भावाला हळूच सांगितलं. तो म्हणाला, "तुला यंत्राशिवाय काही कळतच नाही." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

चारच दिवसांनी तो माझ्या टेबलावर आला. घामानं निथळलेला, छाती धरून. मशीनमधून कागद सरकू लागला. असल्या रेघा मी साठीच्या माणसांत पाहते, हा चौतिशीतला.

"काय घेतलंस?" हृदयाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मी पोलीस नाही. कुठलं औषध द्यायचं ते तुझ्या उत्तरावर ठरणार आहे."

तो गप्पच. शेवटी त्याच्या बायकोनं पर्समधून बाबानं घरी दिलेल्या चूर्णाची पुडी काढली. "कामावर जाताना दुप्पट घेतलं त्यांनी. वन्सं, पण हे देवाचं आहे ना?"

त्याच्या लघवीच्या तपासणीत उत्तेजक नशेचं द्रव्य निघालं. डॉक्टरबाईंनी मला आणि तिला समोर बसवून सांगितलं, "या द्रव्यानं ठोके पळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आवळतात. काम दुप्पट आणि रसद बंद. त्याचा देव जागा झाला नव्हता, त्याचं हृदय गुदमरत होतं."

भाऊ वाचला. हृदयाचा एक तुकडा मात्र मेला तो मेलाच. आता दुसऱ्या मजल्यावर जाताना तो मध्येच थांबून कठडा धरतो.

पोलिसांना कळवून पुढच्या सुट्टीला मी आणि डॉक्टरबाई गोदामात गेलो. "मीही नाडी थांबवते," बाबानं नाडी थांबवून दाखवताच मी मोठ्यानं म्हणाले आणि त्याच दुकानदाराकडे मनगट दिलं.

"अरे, गेली!"

मी हात वर केला. काखेतून रबरी चेंडू पडला. "काखेत चेंडू दाबला की दंडातली रक्तवाहिनी दबते आणि मनगटाची नाडी लागत नाही. हृदय चालूच असतं. आता बाबांनी हात वर करावेत."

"साधूची परीक्षा घेता? भस्म व्हाल!"

"होऊ. हात वर करा."

दुकानदारानंच त्याचा दंड धरून उचलला. चेंडू टप्पे खात गादीवरून खाली आला. चूर्णात नशेचं द्रव्य आहे, हे डॉक्टरबाईंनी तिथंच सगळ्यांना सांगितलं. पुढच्या रांगेतली एक बाई तोंड धुवायला नळाकडे धावली.

"पण चूर्णानं बरं वाटतं हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"वाटणारच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मजेसाठी घ्या नाहीतर भक्तीनं, हृदयाला फरक कळत नाही."

पोलिसांनी बाबाला नेलं. चूर्णाच्या डब्याला सील लागत असताना इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ माझ्या कानाशी लागला, "एखादी पुडी उरली असेल का?"

भावानं मला विचारलं, "दोनशे जणांनी घेतलं. मग मलाच का झालं?"

मी त्या लोकांना तपासणीला बोलावलं. दोनशेतले तेवीस आले. सात जणांचे ठोके चुकत होते नाहीतर रक्तदाब भलताच चढलेला होता. सगळ्यात लहान मुलगी एकोणीस वर्षांची. त्या सातही जणांनी आत येताना हेच सांगितलं होतं, "मला काही झालेलं नाही."

म्हणून सांगते, अंगात बळ आल्यासारखं वाटलं तर ते कशानं आलं ते आधी विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला हात वर करायला लावा. काही घेतलं असेल आणि छातीत दुखलं, तर लाज गुंडाळून ठेवा आणि डॉक्टरला खरं सांगा. माझ्या भावाच्या त्या गप्प बसण्यात वीस मिनिटं गेली.