दिमियानाच्या किल्लीचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे, मित्रांनो. फाटकाला लोंबकळतं तसलं नव्हे. मोटारीच्या डाव्या दारात बसवलेलं, जेमतेम बोटाएवढं. माझी मोटार दोन दरवाज्यांची, फिक्या हिरव्या रंगाची. तिचे मालक अलेक्झांड्रियातले निवृत्त तारमास्तर, उस्ताज लबीब. माझी कहाणी ऐकून हसू आलं तर खुशाल हसा, पण माझ्यावर जी वेळ आली ती वैऱ्यावरही येऊ नये.

कारखान्यात माझ्या पोटात पाच पितळी पट्ट्या बसवल्या. अशा पट्ट्या चार मापांच्या असतात. कुठल्या मापाची पट्टी कितव्या घरात, ह्या क्रमावर आम्हा कुलपांचं आयुष्य चालतं. माझा क्रम दोन, चार, एक, तीन, एक. तुम्हाला सांगून टाकला. ज्याला सांगायला हवा होता त्याला सांगता आला नाही, हेच तर माझं दुःख.

किल्ल्या दोन होत्या. एक लबीबांच्या खिशात असायची. दुसरी त्यांनी मुलीला, दिमियानाला, ती गाडी चालवायला शिकली त्या दिवशी दिली. हातात पेरूंची पिशवी असली की ती डाव्या हाताने मला उघडायची, आणि मीही निमूट उघडायचो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गल्लीतली बाकीची कुलपं गंजून अडायची. मी कधी अडलो नाही. "माझं कुलूप पहिल्या झटक्यात उघडतं," असं लबीब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मला त्याचा गर्व होता, कशाला खोटं बोलू?

मग दिमियानाचं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर ती कॅनडाला निघाली. लबीबांना ते मुळीच मान्य नव्हतं. एकुलती एक पोर, आईही नाही. ते म्हणाले, "जायचं तर टॅक्सीने जा. माझी गाडी विमानतळाचा रस्ता बघणार नाही." ती खाली आली. माझ्यात किल्ली घातली, पण फिरवली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग किल्ली काढून टॅक्सीत बसली. पहिल्या वर्षी तिचा दोनदा फोन आला. लबीबांनी घेतला नाही. मग तिनेही करणं सोडलं. एवढा हट्ट बरा नव्हे हो, पण मी कोण सांगणार?

ती गेली त्यानंतरच्या रविवारपासूनच माझे लाड सुरू झाले होते. लबीब चर्चमधून कापसाच्या बोळ्यावर संताच्या दिव्यातलं तेल आणायचे, माझ्यात एक थेंब सोडायचे आणि पुटपुटायचे, "तिची किल्ली चालती राहू दे." दर रविवारी एक थेंब, अशी अकरा वर्षं! वरून वाळवंटाच्या वाऱ्याची धूळ. तेल आणि धूळ मिळून माझ्या पोटात चिखल झाला. अति तिथं माती म्हणतात ती अशी. कुलपात तेल घालायचं नसतं हो, पण आशीर्वादाचं तेल कोण नाकारणार? मी जड झालो, अडू लागलो. लबीब म्हणायचे, "म्हातारा झालास माझ्यासारखा," आणि दोन थेंब जास्त घालायचे.

पुढे त्यांनी गाडी पुन्हा नवी करायला काढली. पत्रा झाला, रंग झाला. रंगाऱ्याकडून दार आलं, पण त्यात अडकवलेली लबीबांची किल्ली काही आली नाही. शोध शोध शोधली. शेवटी मला दारातून काढून ते अत्तारीनच्या गल्लीत कुलूपवाल्या बदावीकडे घेऊन गेले.

बदावीने मला उलटसुलट करून पाहिलं. "उस्ताज, ह्याला फेका. नवीन टाकतो. दार, डिकी, इंजिन, सगळं एका किल्लीवर."

"दाराचं बदलायचं नाही. पट्ट्याही बदलायच्या नाहीत. ह्याच कुलपाची किल्ली बनव."

"का? सोन्याचं आहे का?"

"ह्याची दुसरी किल्ली मुलीकडे आहे. ती येईल तेव्हा तिला लागली पाहिजे."

"मग तिच्याचवरून काढू की. कुठे असते? इथंच, तांता शहरात?"

"कॅनडात."

बदावीने मला पुन्हा हातात घेतलं. म्हणाला, "बरं. उघडून आतल्या पट्ट्या वाचतो आणि तशीच किल्ली घासतो. पण काय घातलंय हो ह्यात? काकवी?"

दोन दिवस मी रॉकेलमध्ये बुडून होतो. ते रॉकेल गटारात ओतायचं नाही, त्यात संताचं तेल आहे, असं लबीबांनी बजावलं. "मग काय बाटलीत भरून देऊ?" बदावी म्हणाला. "दे," लबीब म्हणाले, आणि त्याने खरंच दिलं.

तिसऱ्या दिवशी त्याने माझं पोट उघडलं. पाचही पट्ट्या एकेक करून चिमट्याने काढल्या आणि वर्तमानपत्रावर क्रमाने मांडल्या. दोन, चार, एक, तीन, एक. मापं घेणार एवढ्यात असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. "आलोच, उस्ताज," म्हणून तो कोपऱ्यावरच्या मशिदीत गेला.

लबीब एकटे उरले. त्यांनी चष्मा लावला. पट्ट्यांवर तेलाचा थर अजून चिकटलेला होता. संताचं तेल, आणि खाली वर्तमानपत्र, ज्यावर उद्या कोणी फलाफल खाईल! त्यांनी खिशातून कापूस काढला. एकेक पट्टी उचलली, हलक्या हाताने पुसली आणि काडेपेटीत टाकली. अहो, नका! मी आतून किंचाळत होतो. लबीब, नका हो, ती तिची किल्ली आहे! पण कुलपाचं कोण ऐकतं? त्यांनी पाचही पट्ट्या पुसल्या, कापूस जाळायला वेगळा ठेवला आणि खूश होऊन बसले.

"बघ, लख्ख केल्या!" बदावी परतल्यावर ते म्हणाले.

बदावीने काडेपेटी पाहिली, मग कागद पाहिला. डोक्यावरची टोपीच काढली त्याने. "हे काय करून बसलात, उस्ताज! क्रम होता तो. आता साठ तऱ्हांनी बसतील ह्या. तिची कुठली, ते फक्त तिच्या किल्लीला माहीत."

लबीबांच्या तोंडचं पाणी पळालं. "लाव ना रे काहीतरी करून. तू कारागीर आहेस!"

"कारागीर आहे, ज्योतिषी नाही."

त्यांनी पट्ट्या तळहातावर घेतल्या, इकडून तिकडे केल्या, पुन्हा केल्या. त्यात एक पट्टी खाली पडली. गुडघ्यावर बसून, जमीन चाचपत त्यांनी ती शोधली. "माझ्याच हातांनी," ते म्हणत होते, "माझ्याच हातांनी मी तिला दार बंद केलं." मित्रांनो, मला सगळं माहीत होतं आणि मी एक अक्षर बोलू शकत नव्हतो. त्या दिवशी मला वितळवून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

बदावीने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "किल्ली तिच्याकडे आहे ना? मग तिला विचारा. दाते कसे आहेत ते सांगेल."

"अकरा वर्षं बोललो नाही मी."

"मग मी लावू? नंबर?"

तिच्या त्या दोन फोनांपासून लबीबांना नंबर तोंडपाठ होता. बदावीने तो लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

"हॅलो?"

"दिमियाना... मी."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "बाबा? कोण गेलं?"

"कोणी नाही, कोणी नाही गेलं गं. ते... कुलूप. गाडीचं. तुझ्या किल्लीचे दाते सांगशील? माझ्या हातून क्रम मोडला."

बदावी हातात पेन्सिल धरून बसला होता.

"ती किल्ली नाहीये, बाबा. मी त्याच दिवशी टॅक्सीतून समुद्रात भिरकावली. तुम्ही खिडकीतसुद्धा आला नाहीत. खूप राग आला होता मला."

म्हणजे अकरा वर्षं ते सारे थेंब समुद्राच्या तळाशी पडलेल्या किल्लीसाठी होते. लबीब भिंतीला टेकले.

"आलो होतो," ते म्हणाले. "पडद्यामागे होतो."

फोनमध्ये रडणं ऐकू येत होतं. लबीबांनी डोळे पुसले, ते त्याच तेलकट कापसाने. "बदावी, आता कुठल्याही क्रमाने लाव."

"बाबा," फोनमधून आवाज आला, "नवीन किल्ली करताय ना?"

"हो."

"मग दोन करायला सांगा."

आज मी पुन्हा दारात आहे. क्रम वेगळा आहे आणि तेलाऐवजी बदावीने पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली आहे, तेवढीच मला पुरते. दुसरी किल्ली लबीबांनी टपालाने पाठवली. ती अजून एकदाही माझ्यात आलेली नाही. मित्रांनो, आमची निगा जरूर राखा, पण तुमच्या मनात कोणाला काही सांगायचं असेल तर ते कुलपाच्या कानात सांगू नका. मी सगळं ऐकलं होतं आणि त्यातला एकही शब्द तिच्यापर्यंत पोचवू शकलो नाही.