खिळ्याचा आवाज

यंत्र पुन्हा किंचाळलं तसे भैय्याजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अबे कवडू, हे तं सारखंच बोंबलून राहिलं! या ओंडक्यात लाकूड हाये की नुसतं लोखंड?"

कवडूला ऐकायला वेळ नव्हता. एका हातात लांब दांडीचं ते यंत्र, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर. आणि बटण त्यानं पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेलं. कपाळावर घाम, डोळ्यांत चमक. यंत्राची थाळी तो ओंडक्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नेत होता आणि ते जागोजाग ओरडत होतं.

लकडगंजातल्या भैय्याजींच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर त्या सकाळी काम बंद होतं. लाकडाच्या पोटातलं लोखंड शोधणारी दोन यंत्रं घेऊन मुंबईहून रविंद्र नावाचा विक्रेता आला होता. दोन्हींपैकी एकच ठेवायचं होतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं रविंद्र परत निघणार होता.

कवडू रामटेके तिथला मुख्य मिस्त्री. फिरत्या पोलादी पट्टीचा आरा त्याच्या हाताखाली चाले. ओंडका आला की तो हातोडीनं ठोकून बघायचा, सालीवर काळानिळा डाग दिसला की लोखंडाचा वास आल्यासारखा थांबायचा. पण गेल्या उन्हाळ्यात कुठल्याशा गावशिवेवरचं एक सागवान आलं. वरून कसं निर्मळ! आत खोलवर मात्र खिळा होता. झाडानं तो कधीचाच गिळून टाकला होता. पट्टी तुटली आणि तिचा तुकडा ओंडका रेटत असलेल्या धोंडबाच्या डोळ्यात शिरला.

तो डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यानंही अंधूक दिसू लागलं. तेव्हापासून धोंडबा फाटकाशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांचा आवाज ऐकत असे. आणि कवडू? नवा ओंडका आऱ्याला लागला की पहिला हातभर तो श्वासच घेत नसे. कुणाच्या तरी तोंडून या यंत्राचं ऐकलं आणि त्यानं भैय्याजींचा पिच्छा पुरवला होता.

"मिस्त्री, बटण मागे घ्या," रविंद्र हसत म्हणाला. "पूर्ण फिरवलंत तर ते सगळंच सांगणार. तुमच्या ट्रॉलीचे रूळ, माझ्या पट्ट्याचं बक्कल, सालीला चिकटलेली ती लाल मातीसुद्धा. त्यात खिळा कोणता, हे तुम्हाला कळणार कसं?"

"अन् कमी केल्यावर खिळा सुटला तं?"

"म्हणून आधी आपणच खिळा लपवायचा आणि तो सापडेपर्यंतच बटण मागे आणायचं."

कवडूला हे एकदम पटलं. त्यानं आरडाओरडा करून चौघांना बोलावलं. ओंडका रुळांपासून दूर, लाकडी ठोकळ्यांवर चढवला. माती खरवडून काढली. फळीच्या तुकड्यात बारीक खिळा ठोकला, त्यावर दुसरी फळी ठेवली. कवडूनं बटण केसभर, मग अजून केसभर मागे घेतलं. यंत्र गप्प झालं. थाळी खिळ्यावर येताच बारीकसा, स्वच्छ आवाज आला.

"बोललं!" कवडू ओरडला. "पाह्यलं का भैय्याजी? फक्त खिळाच बोलला!"

भैय्याजींचं लक्ष मात्र दुसऱ्या यंत्राकडे होतं. त्याची थाळी परातीएवढी, आवाजाऐवजी वर काचेत हलणारा काटा, आणि एक जास्तीचं बटण.

"हे बटण कायचं?"

"लोखंड सोडून द्यायचं आणि फक्त सोनं, चांदी, पितळ दाखवायचं," रविंद्र म्हणाला.

"सोनं? अरे मग हेच ठेव ना!"

सगळे हसले. रविंद्रही हसला, पण म्हणाला, "जमिनीत शोधणाऱ्यांसाठी ते बरं आहे. तुम्हाला नेमकं लोखंडच पाहिजे. ते बटण तुम्ही बंदच ठेवाल. हां, हे खोलवर जातं, एवढं खरं."

कवडूनं तोच खिळा मोठ्या थाळीखाली धरला. काटा थरथरल्यासारखा झाला आणि पुन्हा पडला. मोठ्या थाळीला बारीक खिळ्याची दखलच नव्हती.

"खोल जाते ना पण?" भैय्याजी अजून सोडेनात.

"ओंडका फिरवता येते भैय्याजी. चारी बाजूंनी पाहू. पण बारका खिळा सुटला तं खोलाले काय चाटाचं?" कवडू थांबला, मग एका दमात म्हणाला, "अन् काटा धोंडबाले दिसनार नाई."

"धोंडबाले?"

"मले आरा सोडता येत नाई. यंत्र त्यालेच चालवू द्या. इथं कान लागते, डोळा नाई."

कुणी काही बोलायच्या आत कवडू फाटकाकडे धावत सुटला. धोंडबा यायला तयार होईना.

"काहून थट्टा करून राहिला गा कवडू?"

"थट्टा नाई. ऊठ. बटण कसं लावाचं, ते सांगतो तुले."

कवडूनं त्याला हाताला धरून आत आणलं. रविंद्रनं धोंडबाच्या कानांवर यंत्राला जोडलेले ऐकायचे भोंगे चढवले. कवडूनं त्याचा अंगठा बटणावर नेला. लपवलेला खिळा धोंडबानं दोनदा ऐकला, बटण स्वतःच थोडं मागे घेतलं आणि वाडीच्या गोदामातून आदल्या दिवशी आलेल्या ओंडक्याकडे तो वळला. तो ओंडका अजून कुणी तपासला नव्हता.

मंडळी भोवती जमली. धोंडबा मान कलती करून सरकत होता. मध्यावर थांबला. मागे आला. थाळी उभी-आडवी फिरवली.

"इथं."

खडूची फुली पडली.

"इथंबी. अन् हे, इथं."

कवडूनं पटाशी लावली. साल उडाली, लाकूड उडालं. पहिल्या फुलीखाली काळा पडलेला जाड खिळा निघाला. दुसरीखाली तसाच. तिसरीखालीही! कवडूनं तो पकडीनं ओढून उंच धरला आणि गडी ओरडले.

"जिवंत झाडात एवढे खिळे कोण ठोकतं?" रविंद्रनं विचारलं.

धोंडबानं एक भोंगा कानावरून सारला. "भगत ठोकते साहेब. मानसाच्या अंगातलं भूत झाडाले खिळून ठेवते." तो खुदकन हसला. "भूत कोनाचं, अन् निंगते कोनाच्या डोळ्यात!"

भैय्याजींनी घसा खाकरला. "रविंद्र, हे लहानवालंच ठेव. तुझं सोन्याचं बटण घेऊन जा बाबा."

खिळे काढलेला ओंडका दुपारी आऱ्यावर चढला. पट्टी सरसर आत शिरली. कवडूनं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. फळ्या एकेक करून सुट्या झाल्या.

आरा थांबला तसा चहा आला. गडी सावलीत बसले. धोंडबा अंगणाच्या पलीकडे पाठमोरा होता, पुढच्या ओंडक्यावर वाकलेला.

"धोंडबा, चहा!" कवडूनं हाक मारली.

कान झाकलेले. त्याला ऐकू गेलं नाही. थाळी सावकाश पुढे सरकत होती.

कवडूनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. त्यानं धोंडबाच्या कपावर बशी उपडी ठेवली, आपला कप शेजारी ठेवला, आणि बसून राहिला.