आकृती मागे पाहा

पायलचं डोकं फिरलं ते शिक्षेनं नाही, त्या छापील अर्जानं. अपिलाच्या अर्जात शेवटचा रकाना होता, ‘माफीनामा जोडला आहे काय?’ म्हणजे गुन्हा केलाच आहे, हे अर्ज छापणाऱ्यानंच ठरवून टाकलेलं.

प्रकरण असं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, भूगोलाच्या पेपरात, पायल आणि तिच्या मागच्या बाकावरची प्राजक्ता यांचं एक उत्तर शब्दाला शब्द जुळलं. चांगलं चार पानी. वर दोघींनीही मध्येच लिहिलेलं, ‘आकृती मागे पाहा’, आणि मागे आकृतीचा पत्ता नाही! परीक्षा विभागाला आणखी काय हवं? दोघींवर वर्षभराची परीक्षाबंदी. पायलचं बी.एड.ही त्यात बुडणार होतं.

खरी गोष्ट एवढीच की दोघी अकोटला देवमन सरांच्या क्लासला जायच्या. सर नोट्स सांगत, पोरी उतरवून घेत आणि घोकत. साऱ्या क्लासचं उत्तर तेच असायचं. सापडल्या या दोघी, कारण यांचे नंबर मागेपुढे आले.

प्राजक्तानं माफीनामा दिला, तिची बंदी सहा महिन्यांवर आली. त्या माफीनाम्यानं पायल आपोआप चोर ठरली. मग जो तो तिला शहाणपण शिकवू लागला. घरातलेही.

“लिवून दे न पोरी, काय जाते आपलं?” कापसाच्या जिनिंगमध्ये राबून आलेले तिचे वडील जानराव म्हणाले.

“मी कॉपी केलीच नाई त काहून लिवू, बाबा?”

अमरावतीला विद्यापीठाच्या तीन खेपा झाल्या. एकदा प्राचार्यांचा शिक्का फिका, एकदा फोटो जुना, एकदा साहेबच सेमाडोहला सहलीला गेलेले. दरवेळी खिडकीतला बाबू तोच रकाना दाखवी. पायल दरवेळी ‘नाही’ लिही, पेन कागदात रुतेल इतक्या जोरानं. चौथ्या खेपेला सुनावणी लागली.

समितीत तिघं होते. अध्यक्ष एक वयस्क मॅडम. त्यांच्यासमोर पायलची उत्तरपत्रिका होती.

“चार पानं पाठ होती म्हणता?”

पायल इतकी वैतागली होती की परवानगीसाठी थांबलीच नाही. डोळे मिटून सुरू झाली. नदी मैदानात आली की तिचा वेग मंदावतो, काठ झिजून नागमोडी वळणं तयार होतात... मॅडमचं बोट ओळीवरून सरकत राहिलं. श्वासही न घेता ती ‘आकृती मागे पाहा’ म्हणाली आणि तशीच पुढे गेली. एका सदस्याला हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत.

“कॉपी नाही,” त्या म्हणाल्या आणि कोरा कागद, पेन्सिल पुढे सरकवली. “आता हे नालाकृती सरोवर काढून दाखवा.”

पेन्सिल हातातच राहिली. देवमन सरांनी आकृती कधी काढलीच नव्हती.

“बरं, वळण तुटून सरोवर कसं उरतं? तुमच्या शब्दांत सांगा.”

पायलनं तोंड उघडलं. पाठ केलेलंच वाक्य पुन्हा आलं. ती मध्येच थांबली. तिचे कान तापले. इतके महिने ती ज्यासाठी भांडली, ते उत्तर तिचं नव्हतंच.

मॅडमनी आदेशावर सही केली. “बंदी रद्द. या उत्तराला सोळापैकी चौदा आहेत, ते कायम राहतील.”

बाहेर जानरावांना आनंद मावेना. “जितली नं माही पोरगी!” मग तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, “काहून रडून राहिली वं?”

“मले काईच येत नाई, बाबा. अन् तीन वर्षांत कोनी इचारलंबी नाई.”

अकोल्याला उतरून जानरावांनी आदेशाची एक प्रत तिच्या कॉलेजात दिली आणि दोघं अकोटच्या एसटीत बसले. गाडी पूर्णेच्या पुलावर चढली. या पुलावरून पायल तीन वर्षं रोज गेली-आली होती, मांडीवर वही आणि ओठांत नोट्स. आज तिनं खिडकीतून खाली पाहिलं. नदी डावीकडे वळत होती. वळणाच्या बाहेरचा काठ खचलेला, आतल्या बाजूला वाळू साचलेली.

तिनं घाईघाईनं आपल्याकडची आदेशाची प्रत उलटी केली, कंडक्टरचं पेन मागितलं आणि गचके खात एक वाकडी रेघ ओढली. रेघ दुसऱ्या वळणापर्यंत आली, तोवर पूल संपला.