सत्कार नको, लढत हवी

सबिहाच्या हातांना पट्ट्या बांधून झाल्या होत्या, ग्लोव्हज चढले होते, आणि तेवढ्यात संयोजक जोतिरामभाऊ हसत आत आले.

"पोरींनो, तुमची लढत रद्द. पाहुण्यांना पुढं जायचंय. वेळ नाही. तुमचा दोघींचा स्टेजवर सत्कार करू. लागायची भीती नको की काय नको."

सबिहा शुक्रवार पेठेतली. घरात अब्बांशी भांडून ती या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या नादाला लागलेली. वजनगटात बसावं म्हणून महिनाभर तिनं अम्मीच्या हातचा भात तोंडाला लावला नव्हता.

"पोरांच्या लढती झाल्या की," ती म्हणाली. "पुढच्याबी होणार. मग आमचीच कशी रद्द?"

"मुलींची एकच तर आहे. त्यानं काय फरक पडतोय?"

फरक पडत नव्हता म्हणे. आणि नवी पेठेत जागोजागी स्पर्धेचे फलक लावले, तेव्हा वर तिचाच फोटो होता, पोरांचे खाली बारीक. तिच्या कानशिलांत रक्त सणसणलं.

पडद्यापलीकडं तिची प्रतिस्पर्धी बसली होती. सोनाली, माळशिरसकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, कुस्ती करत इथवर आलेली. सकाळपासून दोघी एकमेकींची नजर चुकवत होत्या. आता सोनालीच पडदा सारून आली.

"तुला सत्कार पायजे का गं?"

"नको."

"मलाबी नगं. चल मग."

दोघी तडक जाळीच्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं लढत सुरू होतेय, टाळ्या पडल्या. जोतिरामभाऊ धावत आले.

"खाली उतरा. शिस्त आहे का नाही?"

"शिस्तीनंच वजन उतरवलंय, भाऊ," सबिहा म्हणाली. "लढल्याशिवाय उतरत नाही."

भाऊंनी माईक बंद करायला लावला. पंच सिद्धप्पा सर पिंजऱ्यात आले. ते जाळीबाहेर बसलेल्या डॉक्टरांकडं वळले. "थांबताय ना?" डॉक्टरांनी मान हलवली. सरांनी दोघींचे ग्लोव्हज तपासले आणि हात खाली करून लढत सुरू केली.

पहिली फेरी सबिहाची. तिच्या लाथांनी सोनालीची मांडी लालभडक झाली. दुसऱ्या फेरीत मात्र सोनालीनं कमरेला मिठी घालून तिला आडवं केलं, हात पायांत धरला आणि कोपर ताणलं. सबिहानं दात आवळून सोसलं, सुटायला बघितलं, शेवटी जमिनीवर हात थोपटून हार मानली.

सरांनी सोनालीचा हात वर केला. माईकवर चकार शब्द नाही. भाऊ मात्र शाली आणि फोटोवाला घेऊन हजर.

"झकास झालं. आता एक फोटो."

"आधी निकाल सांगा," सबिहा म्हणाली.

"ही लढत धरायचीच नाही. उगं हट्ट करू नको. तू तर हरलीस."

"व्हय, हरले. तेच सांगा माईकवर."

एवढं सोसून मिळालेली हारसुद्धा हा माणूस पुसून टाकायला निघाला होता. ती पिंजऱ्याच्या मधोमध मांडी घालून बसली. सोनाली शेजारी टेकली. पुढची लढत अडली, लोक शिट्ट्या मारायला लागले, पाहुणे घड्याळ बघायला लागले.

शेवटी माईक खरखरला. भाऊंनी पडेल आवाजात वाचलं, "मुलींचा गट. विजयी, सोनाली. पराभूत, सबिहा."

"आता ऊठ," सोनालीनं तिचा चांगला हात धरला. "पुढच्या टायमाला मांडी सांभाळून येते मी."

"ये," सबिहा म्हणाली. भाऊंवरचा तिचा राग अजून तसाच होता.