दिवा विझला तर परत फिरायचं

विहिरी खोदण्यात आणि जुन्या विहिरींचा गाळ काढण्यात म्हाताऱ्याची पंचेचाळीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत तो एकदाही न विचारता खाली उतरला नव्हता. विचारायचं कुणाला, तर जमिनीला. जमीन जिवंत आहे, ती श्वास घेते आणि विहीर म्हणजे तिचं नाक, असं त्याला बापानं सांगितलं होतं आणि त्यानं ते निमूट मानलं होतं. "दुसऱ्याच्या नाकात पाय घालायचा, तर निदान विचारावं तरी," असं तो म्हणायचा. लोक हसायचे. तोही हसायचा, पण विचारणं सोडत नसे.

विचारायची रीत ठरलेली होती. चपला काढायच्या, कठड्याला हात लावायचा, पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू तळापर्यंत सोडायचा आणि म्हणायचं, "आई, येऊ का?" कंदील तळाशी जाऊनही जळत राहिला की ती हो म्हणाली. मध्येच विझला की नाही म्हणाली. मग काम कितीही घाईचं असो, सामान गुंडाळून घरी जायचं. म्हाताऱ्याला ती आजवर अकरा वेळा नाही म्हणाली होती. अकराही वेळा तो मुकाट परतला, मालकांच्या शिव्या खाल्ल्या आणि घरी बायकोची बोलणीही खाल्ली. ती नाही का म्हणते, हे मात्र त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. आईला कारणं विचारत बसायचं नसतं, एवढं साधं त्याचं म्हणणं.

त्याची दोन्ही मुलं याच धंद्यात होती. थोरल्याला हे सगळं थोतांड वाटायचं, पण तो बापाच्या तोंडी लागत नसे. धाकटा बापाचा शब्द झेलणारा. तीस वर्षांचा बाप्या, दोन वर्षांच्या मुलीचा बाप, पण कठड्याला हात लावल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही.

गेल्या वर्षी कंदिलाची काच तडकली आणि तो वाऱ्यानं वरच्या वरच विझायला लागला. म्हातारा स्वतः बाजारात गेला आणि बॅटरीचा दिवा घेऊन आला. दुकानदारानं तो पेटवून बादलीत बुडवून दाखवला, तरी विझला नाही, याचंच म्हाताऱ्याला केवढं अप्रूप. घरी आल्यावर त्यानंही धाकट्याकडून तो पेटवून घेतला आणि सगळ्यांना बादलीत बुडवून दाखवला.

"बाबा, हा चालेल का तिला?" धाकट्यानं विचारलं.

"तिला उजेडाशी मतलब. तेल आहे का बॅटरी, हे काय ती बघत बसते?"

"नाहीतर बिल मागेल," थोरला म्हणाला आणि सगळे हसले.

त्या वर्षात सात विहिरी झाल्या. सातही वेळा दिवा तळाशी जाऊन लख्ख जळत राहिला. म्हातारा भेटेल त्याला सांगत सुटला, की आता ती आपल्यावर प्रसन्न आहे, वर्षभरात एकदाही नाही म्हणाली नाही. तडकलेला कंदील मात्र त्यानं टाकला नाही. जुनी वस्तू टाकवत नाही म्हणून तो हत्यारांच्या पिशवीत तसाच पडून होता.

आठवी विहीर एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात होती. वीस वर्षं तिच्यावर सिमेंटची लादी होती आणि लादीवर साबणाची पिंपं. लाँड्रीवाल्याला पाणी कमी पडू लागलं, तेव्हा त्याला विहिरीची आठवण झाली. सकाळी पहारीनं लादी बाजूला सरकवली. चाळीस फूट खोल, तळाशी काळा गाळ. म्हाताऱ्यानं चपला काढल्या, कठड्याला हात लावला आणि बॅटरीचा दिवा सोडला. दिवा तळाशी टेकला. गाळ चकाकला.

"ये म्हणतेय," म्हातारा म्हणाला.

धाकट्यानं कठड्याला हात लावला आणि दोरीच्या शिडीवर पाय ठेवला. "दादा, मी वर आलो की आधी चहा. मागच्या वेळी माझाही तूच प्यायलास."

"तू खाली बसतोस तासभर. गार चहा कोण पिणार?"

तो उतरत गेला. पाऊण अंतर गेल्यावर थांबला.

"काय रे?" थोरल्यानं वरून विचारलं.

"काही नाही. जरा गरगरल्यासारखं..."

पुढचा शब्द आलाच नाही. त्याचा एक हात सुटला, मग दुसरा, आणि तो खाली गाळात पडला. बॅटरीच्या उजेडात तो स्वच्छ दिसत होता. कुशीवर पडला होता, तोंड उघडं होतं. दोघांनी हाका मारल्या. तो हलला नाही.

लाँड्रीवाला फोन करायला आत धावला. थोरल्यानं एक पाय कठड्यावर टाकला. म्हाताऱ्यानं त्याच्या सदऱ्याला मागून घट्ट धरलं.

"थांब. तिला पुन्हा विचारू दे. आपल्या कंदिलानं."

"बाबा, तो खाली पडलाय."

"दोन मिनिटं. तुझ्या पाया पडतो."

बाप पाया पडतो म्हणाला, म्हणून थोरला थबकला. म्हाताऱ्यानं पिशवी उलटी केली, कंदील काढला, पेटवला. अंगणात वारा नव्हता. ज्योत सरळ उभी राहिली. त्यानं दोरी सोडायला सुरुवात केली. चौथ्या वावेला, म्हणजे पंचवीसेक फुटांवर, ज्योत बारीक झाली, पाचव्या वावेला निळी पडली आणि विझली. त्यानं कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच विझला. तिसऱ्यांदाही तिथेच.

"नाही म्हणतेय," म्हातारा म्हणाला.

"ती काय म्हणते ते मला सांगू नका. माझा भाऊ आहे तो." थोरल्यानं शिडी धरली.

म्हातारा आयुष्यात कधी एवढा घाबरला नव्हता. खाली एक मुलगा होता आणि वर एक. त्यानं कमरेचा सुरा काढला आणि शिडीचे दोन्ही दोर कापले. शिडी भिंतीला घासत खाली गेली आणि धाकट्याच्या पायांवर पडली. तो तेव्हाही हलला नाही.

थोरल्यानं बापाकडे पाहिलं. मग बादली घेतली आणि दोरीनं वर-खाली, वर-खाली करत राहिला, हवा हलवावी म्हणून. दुसरं काहीच हातात नव्हतं. म्हातारा कठड्याला धरून मुलाकडे बघत बसला. बॅटरीच्या उजेडात त्याला सगळं दिसत होतं. पाऊण तास दिसत होतं.

मग तोंडाला मुखवटे आणि पाठीला नळकांडी लावलेली बचावपथकाची माणसं आली. एक जण खाली गेला आणि दहा मिनिटांत त्यानं धाकट्याला वर आणलं. त्याला फरशीवर ठेवून त्यांनी छाती दाबून बघितली. मग दाबायचं थांबवलं.

"खाली हवाच नाही," त्यांचा प्रमुख म्हणाला. "बंद विहिरीत असं होतं. दुसरा उतरला असता, तर आम्ही दोघांना काढलं असतं." मग त्यानं म्हाताऱ्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्ही तर जुने दिसता. आधी दिवा सोडला नव्हता का?"

"सोडला होता."

"मग विझला नाही?"

खाली गेलेल्या माणसानं दोरीसकट वर आणलेला बॅटरीचा दिवा फरशीवर ठेवला होता. गाळानं बरबटला होता आणि भर उन्हात अजून जळत होता. म्हाताऱ्यानं नुसतं बोट दाखवलं. प्रमुखानं दिव्याकडे पाहिलं आणि तो आपल्या माणसांकडे गेला.

"विहिरीनं बळी घेतला," लाँड्रीवाला म्हणाला. "उद्याच बुजवून टाकतो हिला."

"तिला बोलू नका," म्हातारा म्हणाला. "ती सकाळीही नाहीच म्हणत होती. वर्षभरात आणखी कितीदा म्हणाली असेल कोण जाणे. तिला बोलता येऊ नये असा दिवा मी आणला. पारखून आणला."

त्यानं दिवा उचलला आणि विझवायला बघू लागला. कळ कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. ते काम नेहमी धाकटा करायचा. त्यानं फुंकर मारली. मग पुन्हा मारली.

थोरला उठून आला. त्यानं बापाच्या हातातून दिवा घेतला, गाळ पुसला, खालची कळ दाबली.