पाजायची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. माझ्या आखूड पायांना हसू नका. ते मुद्दाम तसे केलेले आहेत.

मला घडवणारा सुतार या घराचा कर्ता. पहिलं मूल झालं तेव्हा त्याने पाहिलं, की पाजायला बसली की बायकोचे पाय लोंबकळतात आणि तिची पाठ भरून येते. म्हणून त्याने सागाच्या लाकडातून मला घडवलं. पाय आखूड, कोपर टेकायला हात रुंद, बैठक वेताची.

"बस आता राणीसारखी," तो म्हणाला.

"आणि चुलीपाशी कोण, राजा?" ती म्हणाली. पण बसली.

तिची तिन्ही मुलं माझ्यातच दूध पिऊन वाढली. शेजारपाजारच्या बाळंतिणी मला मागून न्यायच्या. ही खुर्ची माझ्यापेक्षा जास्त गाव फिरते, असं सुतार कुरकुरायचा आणि मनातून फुशारायचा. काय दिवस होते ते! माझ्या वेतालाही दुधाचा वास लागला होता.

मग सून आली. शिलाईच्या कारखान्यात बटणं लावायची. हसरी पोर. पोटुशी असताना तिचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात ब प्रकारची कावीळ निघाली. हिपॅटायटिस बी म्हणतात ती. तिला ना ताप, ना डोळे पिवळे. पण त्या दिवसापासून तिची ताट-वाटी वेगळी झाली. खरं तर ताटा-वाटीतून हा आजार पसरत नाही. पण भीतीला कोण शिकवणार?

दवाखान्यात मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या बाळाला दोन सुया दिल्या, एक लसीची आणि एक लगेच संरक्षण देणारी. सून घरी आली ती थेट माझ्याकडे. सुताराची बायको, म्हणजे तिच्या सासूबाई, आडव्या आल्या.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," सून म्हणाली, "बाळाला दोन्ही सुया वेळेत मिळाल्यात, खुशाल अंगावर पाज. चीर पडून रक्त आलं तर तेवढं त्या बाजूचं थांबव आणि मला दाखव, असं."

"त्यांचं काय जातंय सांगायला? मूल आमचं आहे."

सासूबाई दुष्ट नव्हत्या, मित्रांनो. त्यांचा पाठचा भाऊ काविळीने गेला होता. तो गेला तेव्हाचे त्याचे डोळे त्यांना आठवत होते. पण भीतीच्या पोटीही अन्याय जन्माला येतो. सुतार खाली मान घालून रंधा मारत राहिला. मुलगा म्हणाला, आई म्हणतेय तर थोडे दिवस जाऊ देत. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नव्हतं. दूध काही कुणासाठी थांबत नाही.

मला सासूबाईंच्या खोलीत नेलं. माझ्यात बसून त्या नातीला बाटलीने दूध पाजू लागल्या. सून दारात उभी असायची, ओल्या पोलक्यावर हात आवळून. बाळ रडलं की तिचा पान्हा फुटायचा आणि मोरीत पिळून टाकावा लागायचा.

एका दुपारी सासूबाई दळण आणायला गेल्या. सून बाळाला घेऊन माझ्यात बसली. बाळाने क्षणभर चाचपडून आईला धरलं आणि मिटल्या डोळ्यांनी गटागटा प्यायला लागलं. इतक्या वर्षांनी माझ्या वेतात पुन्हा तो वास भरला. तेवढ्यात सासूबाई परतल्या. त्यांनी बाळाला ओढून घेतलं आणि फडक्याने त्याचे ओठ लाल होईपर्यंत पुसले.

"वैरीण आहेस का पोरीची?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस सून माझ्यात बसली नाही.

पुढच्या लसीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई संतापल्या. या आईच्या दुधाचा बाळाला कधीच धोका नव्हता, अजून पाजून पाहा, असं त्यांनी बजावलं. सासूबाईंनी घरी येऊन मला मुकाट्याने सुनेच्या खोलीत ठेवलं. सुनेने खूप प्रयत्न केले. पण दूध आटलं होतं आणि बाळ बाटलीला सरावलं होतं. ते मान फिरवायचं. पोरीला तो रोग कधी शिवलाही नाही, पुढच्या तपासणीत सारं ठीक निघालं. मग मी माळ्यावर गेले. पाय डुगडुगू लागले, वेत कडेने उसवला.

परवा मला खाली काढलं. तीच मुलगी आता बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिने मला पुसलं, माझ्यात बसून लेकाला पदराखाली घेतलं आणि विचारलं, "आई, तूही मला याच खुर्चीत पाजायचीस ना?"

सुनेच्या हातात धुतलेली दुपटी होती. तिच्या आधी कोपऱ्यातून सासूबाईच बोलल्या. आता त्यांना फारसं काही आठवत नाही.

"याच खुर्चीत तर. आमच्या घरात सगळ्यांनी इथेच पाजलं."

सुनेने एक दुपटं झटकलं, घडी घातली.

"मान धर नीट त्याची," ती लेकीला म्हणाली.

मित्रांनो, माझे पाय डुगडुगतात, ते कुणीही सुतार नीट करील. वेतही नवा विणून मिळेल. पण जाणत्या माणसाला विचारल्यावर त्याचं ऐकाही, आणि ऐकायचं ते वेळेवर ऐका. आटलेलं दूध कुठल्याही सुताराला परत आणता येत नाही.